दोन हजार सीसीची फेरारी : २०८ टर्बो घेण्याआधी काय तपासावं, घेतल्यावर आधी काय करावं

२२ सप्टेंबर २०२५ पासून आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यापुढच्या गाडीवर ४०. इटलीत १९८० च्या दशकात हाच खेळ चालू होता. तिथली रेघ २००० सीसीवर होती. रेघेच्या आत १८ टक्के व्हॅट, बाहेर ३८. आपल्याकडे अशाच रेघेपायी टाटांनी इंडिगोची शेपटी छाटून ३९८८ मिमीची इंडिगो सीएस काढली. फेरारीने गाडी तेवढीच ठेवली आणि व्ही-८ इंजिनाचे सिलिंडर बारीक केले.

तीन लिटरच्या फेरारी ३०८ च्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८१ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७१ मिमी. स्ट्रोक तसाच ठेवून बोअर ६६.८ मिमीवर आणला की आठ सिलिंडर मिळून १९९१ सीसी होतात. १९८० ची २०८ जीटीबी अशी तयार झाली, पण ताकद १५५ पीएसवर (अश्वशक्तीवर) घसरली. एवढ्या ताकदीत फेरारीचा रुबाब राहत नाही. म्हणून १९८२ च्या तुरिनच्या प्रदर्शनात टर्बो आली. केकेकेचा के२६ टर्बो, बॉशचं के-जेट्रॉनिक इंजेक्शन आणि २२० पीएस. त्या वेळच्या तीन लिटरच्या ३०८ जीटीबीआयला २१४ पीएस होते, म्हणजे कर चुकवायला काढलेली धाकटी थोरलीच्या पुढे गेली. १९८६ मध्ये ३०८ च्या जागी आलेल्या ३२८ च्या अंगाची जीटीबी टर्बो आली. नावातला २०८ गेला, टर्बो आयएचआयचा झाला, इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा) बसला आणि ताकद २५४ पीएसवर पोचली. १९९३ पासून इटलीत ३८ टक्क्यांचा दर बंद झाला, पण या गाड्या १९८९ मध्येच थांबल्या होत्या.

आकडे थोडे आहेत. २०८ जीटीबी टर्बो ४३७, उघड्या छताची जीटीएस टर्बो २५०, नंतरची जीटीबी टर्बो ३०८ आणि जीटीएस टर्बो ८२८. यातला ३०८ हा निव्वळ योगायोगाने जुळलेला गाड्यांचा आकडा आहे, मॉडेलचं नाव नव्हे; जाहिरातीत गोंधळ उडतो म्हणून लक्षात ठेवा.

खरेदीचा सगळा हिशेब एका गोष्टीवर चालतो. या गाडीचा अर्धा भाग ३०८/३२८ चा आहे आणि तो आजही मिळतो : सस्पेन्शन, ब्रेक, काचा, गिअरबॉक्सचे बरेच भाग. उरलेला अर्धा भाग फक्त याच गाडीचा आहे : पिस्टन, सिलिंडर हेड, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, टर्बोची पाइपिंग, इंटरकूलर. तो शोधायला महिने जातात. रंग फिका, सीट फाटलेली, तरी इंजिन पूर्ण आणि मूळचं असेल तर गाडी घ्यावी. उलट असेल तर कितीही चकचकीत असो, दुरून नमस्कार.

आधी कागद, मग गाडी

गाडी इटलीत असेल तर विक्रेत्याकडे दोन गोष्टी मागा. एक, गाडीचं लिब्रेत्तो दि चिर्कोलात्सिओने, म्हणजे आपलं आरसीबुक. त्यावर चासी नंबर, सीसी आणि किलोवॅट असतात. दोन, पीआरए या सरकारी नोंदणीतला एस्त्रात्तो क्रोनोलोजिको, म्हणजे पहिल्या मालकापासूनचा फेरफार. ही नोंदणी इटलीचा ऑटोमोबाइल क्लब एसीआय चालवतो आणि उतारा पैसे भरून कोणालाही काढता येतो. मालकांच्या नावांपेक्षा तारखा पाहा. दहा-बारा वर्षं एकाच मालकाकडे आणि किलोमीटर जवळपास शून्य, असा टप्पा असेल तर गाडी उभी होती. उभ्या गाडीत इंधन वितरक (नोझलना पेट्रोल वाटणारा भाग) आणि टायमिंग बेल्ट (झडपा वेळेवर उघडणारा पट्टा) हे पहिले बळी असतात.

गाडी इटलीबाहेर न्यायची असेल तर पीआरएमधून निर्यातीसाठी नाव काढून घ्यावं लागतं. नोंदणी निघाली की मूळ नंबरप्लेट जातात, आणि जुन्या गाडीच्या बाजारात त्या प्लेटलाही किंमत आहे. त्यामुळे गाडी तिथेच ठेवायची की न्यायची, हे भाव ठरण्याआधी ठरवा.

इंजिनावरचा ठोकलेला नंबर पाहा. २०८ टर्बोचं इंजिन एफ१०६डी मालिकेचं, नंतरच्या जीटीबी/जीटीएस टर्बोचं एफ१०६एन. बिनटर्बोच्या २०८ मध्ये पुढच्या मालकाने तीन लिटरचं इंजिन बसवणं हा जुना उद्योग आहे, कारण दोन्हींची बाहेरची मापं जवळजवळ सारखी. टर्बोत हे कमी दिसतं, तरी नंबर आणि लिब्रेत्तो जुळलेच पाहिजेत. चासी नंबर प्लेटवरचा आणि चौकटीवर ठोकलेला, दोन्ही पाहा. ठोकलेल्या अंकांभोवती घासल्याच्या खुणा किंवा वेगळ्या रंगाचा लेप असेल तर तिथेच थांबा. फेरारी क्लासिके या कंपनीच्याच जुन्या गाड्यांच्या विभागाचं प्रमाणपत्र असेल तर उत्तम, पण ते मूळपणाचं प्रमाणपत्र आहे. यंत्र धडधाकट आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

बाहेरून ओळखायची खूण सोपी. मागच्या चाकाच्या पुढे, दाराखालच्या अंगाला त्रिकोणी तोंडाची हवेची खाच असते, तिला नाका डक्ट म्हणतात. साध्या २०८ आणि ३०८ ला ती नसते. मागे छोट्या अक्षरांत 'टर्बो' लिहिलेलं असतं, पण बिल्ला काय, बाजारात मिळतो.

थंड इंजिनावर काय बघायचं

विक्रेत्याला आधी सांगून ठेवा की आपण येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गरम करून ठेवलेली गाडी अर्धे दोष लपवते. पोचल्यावर इंजिनाच्या झाकणावर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या.

टॉर्च घेऊन एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोचा जोड नीट पाहा. काळी काजळी जिथे रेषेसारखी उमटली आहे तिथे चीर किंवा उडालेलं गॅस्केट आहे. मॅनिफोल्डचे स्टड आणि नट मोजा, एखादा कमी असतो. इंजिन आडवं आहे, जागा अरुंद आहे आणि टर्बो तापतो, म्हणून आसपासच्या वायरी आणि रबरी नळ्या बोटांनी दाबून बघा. कडक, तडकलेली किंवा तेलकट फुगलेली नळी बदलायचीच आहे. उष्णतारोधक पत्रे जागेवर आहेत का हेही बघा. कोणीतरी कधीतरी काम करताना काढतो आणि परत बसवायला कंटाळतो. मग पुढच्या दोन उन्हाळ्यांत शेजारची वायर वितळते.

आता टर्बोच्या तोंडाची हवानळी काढा. चाक दोन बोटांत धरून दोन दिशांना हलवा. आतबाहेर हालचाल हाताला जाणवता कामा नये. आडवी हालचाल थोडीशी चालते, कारण बेअरिंग तेलाच्या थरावर तरंगतं. पण पाती घराला टेकली की टर्बो संपला. पात्यांच्या कडा चिरलेल्या असतील तर फिल्टरशिवाय गाडी चालवली आहे. नळीत तेलाचा हलका ओलावा असतोच. तेल साचून ओघळत असेल तर मात्र सील गेलं आहे किंवा इंजिनातून जास्त वाफ उसळते आहे.

पत्र्याचं : दारांच्या खालच्या कडा, हेडलाइटमागचे पुढचे मडगार्ड, मागच्या चाकांच्या कमानी, पुढच्या डिकीचा तळ. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. फ्यूज पॅनल उघडा. ३०८ घराण्याचा हा जुना आजार आहे : पंप, पंखे आणि दिव्यांचे फ्यूज जिथे बसतात तिथलं प्लॅस्टिक तपकिरी पडतं आणि शेवटी वितळतं. ढिले पिन आणि मोठा प्रवाह, एवढंच कारण. तपकिरी डाग दिसला तर नवीन पॅनल बसवण्याचा खर्च भावातून कापून घ्या.

सुरू केल्यावर

के-जेट्रॉनिक हे यांत्रिक इंजेक्शन आहे. हवेच्या वाटेत एक चकती असते. हवा जेवढी उचलेल तेवढं पेट्रोल वितरकातून आठ नोझलना सतत जातं. संगणक नाही, त्यामुळे दोष ऐकून आणि दाब मोजून पकडावे लागतात. थंड गाडी लगेच सुरू झाली, एक मिनिट थोड्या जास्त फेऱ्यांवर राहिली आणि मग शांत झाली, तर बरं आहे. अडखळत, धापा टाकत राहिली तर दोन संशयित : वॉर्म-अप रेग्युलेटर (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारा भाग) किंवा चकती आणि झडपांच्या मधली कुठली तरी फुटकी नळी. फुटक्या नळीतून न मोजलेली हवा शिरते, चकतीला ती दिसत नाही, मिश्रण पातळ होतं. मंद चालीवर हे नुसतं त्रासाचं असतं. टर्बोचा दाब चढलेला असताना पातळ मिश्रण म्हणजे पिस्टनच्या रिंगा बसतात त्या कडांचा घात.

दाब मोजायचा गेज आणि कोणत्याही के-जेट्रॉनिकवाल्या जुन्या मर्सिडीज किंवा पोर्शच्या मेकॅनिकला हाताशी धरा. त्याला ही फेरारी माहीत नसली तरी बॉशची ही यंत्रणा तो ओळखतो. प्रणालीचा दाब साधारण ५ बारच्या आसपास असतो; नेमका आकडा त्या इंजिनाच्या वर्कशॉप पुस्तकातून घ्या, ३०८ च्या नको. इंजिन बंद करून अर्धा तास थांबा आणि गेजचा काटा पाहा. तो शून्यावर आला असेल तर पंपाची एकतर्फी झडप किंवा पेट्रोलचा दाब धरून ठेवणारा संचयक गेला आहे. गरम गाडी दहा मिनिटं उभी राहिली की सुरू होत नाही, ही मालकांची नेहमीची तक्रार इथूनच येते : दाब उतरतो आणि नळीत पेट्रोलची वाफ होते.

धुराचा रंग बघा, पण कधी निघतो तेही बघा. पाच मिनिटं मंद चालवून मग ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळा झोत आला तर टर्बोचं सील. उतारावर पाय काढून गिअरमध्ये चालताना निळा धूर आला तर झडपांचे गाइड. सुरू करताना पांढरी वाफ थंडीत साहजिक आहे. गरम झाल्यावरही टिकली आणि तिला कूलंटचा गोडसर वास येत असेल तर हेडगॅस्केट.

रस्त्यावर

पहिला गिअर डावीकडे मागे आहे. दुसरा गिअर थंडीत अडतो. सात-आठ किलोमीटरनंतर सैल झाला तर दोष नाही, तेलाचा स्वभाव आहे. गरम झाल्यावरही दुसऱ्यात कडकडतो तर सिंक्रो (गिअर जुळवणाऱ्या कड्या) गेले.

बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला दाब, मोजायला गाडीतल्या काट्यावर विसंबू नका. इनटेक मॅनिफोल्डवर यांत्रिक गेज लावा. जुन्या २०८ टर्बोत जास्तीत जास्त सुमारे ०.६ बार, इंटरकूलरवाल्या नंतरच्या गाडीत सुमारे १.०५ बार. तिसऱ्या गिअरला ३००० फेऱ्यांपासून पूर्ण दाबून बघा. आकडा कमी आला तर गळती किंवा वेस्टगेट (जादा दाब सोडणारी टर्बोची झडप) उघडं अडकलेलं. जास्त आला तर ताबडतोब पाय काढा : वेस्टगेट बंद अडकलं आहे, नाहीतर कोणीतरी ताकद वाढवायला स्प्रिंगशी खेळ केला आहे. १९८२ च्या गाडीला इंटरकूलरच नाही. ०.६ च्या वर नेल्यास आत जाणारी हवा इतकी तापते की नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) सुरू होतं, आणि हे पिस्टन दुकानात मिळत नाहीत.

कम्प्रेशनची चाचणी विक्रेत्याकडून घेतलीच पाहिजे. इंजिन गरम, आठही प्लग बाहेर, पेट्रोल पंपाचा रिले काढलेला, इग्निशन तोडलेलं, थ्रॉटल पूर्ण उघडा. मग प्रत्येक सिलिंडर पाच-सहा फेऱ्या फिरवा. इथे एक फसगत होते. टर्बोसाठी कम्प्रेशन ७ : १ च्या आसपास, म्हणजे कमी ठेवलेलं आहे, त्यामुळे आकडे ३०८ पेक्षा बरेच कमी येतात. ३०८ चा मेकॅनिक ते पाहून इंजिन बाद ठरवतो. आकडा किती यापेक्षा आठांमधला फरक किती, हे पाहा; १० ते १५ टक्क्यांच्या आत चालेल. खात्रीसाठी लीकडाउन करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून गळती मोजा. १० टक्क्यांपर्यंत गळती ठीक, २० च्या पुढे इंजिन उघडावं लागेल. हवा सायलेन्सरमधून फुसफुसली तर एक्झॉस्ट झडप, तेल भरायच्या तोंडातून तर रिंगा, कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर गॅस्केट.

घेतल्यावर पहिलं काम : टायमिंग बेल्ट

बिल असलं तरी बदला. दोन दातेरी बेल्ट आहेत, प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरांना एक. बेल्ट तुटला की पिस्टन झडपांना आदळतात. किलोमीटर पाहू नका, वर्षं पाहा : तीन वर्षांनी बदला, पाचच्या पुढे कधीच नाही. उभ्या गाडीत बेल्ट एकाच वळणावर कडक होतो, म्हणून कमी चाललेली गाडी जास्त धोक्याची.

इंजिन न उतरवता काम होतं. बॅटरी सोडा. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. उजवं मागचं चाक आणि आतला पडदा काढला की बेल्टची बाजू समोर येते. अल्टरनेटर आणि एसीचे पट्टे, मग बेल्टची झाकणं आणि वरची कॅम कव्हरं काढा. प्लगही काढा म्हणजे इंजिन हाताने फिरवता येतं.

फ्लायव्हीलवर पीएम १-४ अशी खूण आहे. ती खिडकीच्या खुणेशी जुळवा आणि चारही कॅमवरच्या रेघा त्यांच्या टोप्यांवरच्या रेघांशी जुळतात का ते बघा. एखादी अर्ध्या दाताने सरकलेली असेल तर मागच्या मेकॅनिकची चूक आहे; फोटो काढून ठेवा. जुन्या बेल्टवर आणि चाकांवर पांढऱ्या रंगाने खुणा करा, खुणांमधले दात मोजून लिहा आणि नव्या बेल्टवर तेवढेच दात मोजून खुणा घ्या.

कॅम पकडीने बांधल्याशिवाय बेल्ट काढू नका. झडपांच्या स्प्रिंगच्या दाबाने कॅम झटक्यात फिरतो आणि झडप वाकू शकते. टेन्शनरचा (बेल्ट ताणून धरणाऱ्या चाकाचा) नट सैल करून स्प्रिंग दाबून ठेवा आणि बेल्ट उतरवा. टेन्शनरची दोन्ही बेअरिंग नवीन घाला. दोनशे युरो वाचवायला जुनी ठेवणारे पुढे इंजिन बांधतात. कॅमचे सील आणि खालच्या चाकांमागचे सीलही याच वेळी बदला. तेल लागलेला नवा बेल्ट वर्षभरात फुगतो.

नवा बेल्ट खालच्या दातेरी चाकापासून चढवा. टेन्शनर नसलेली बाजू ताणलेली ठेवत वर जा. बेल्ट कधीही मुरडू किंवा उलटा वळवू नका, आतले धागे तुटतात. टेन्शनर सोडला की स्प्रिंग स्वतः ताण देते, हाताने जोर लावायचा नाही. मग पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा, उलट अजिबात नको. मध्ये काही टेकल्यासारखं वाटलं तर थांबा, जोर करू नका. सगळ्या खुणा पुन्हा जुळल्या की टेन्शनरचा नट पुस्तकातल्या टॉर्कवर आवळा, परत दोन फेऱ्या फिरवा, परत बघा.

या कामात कूलंट सोडलाच असेल तर रबरी नळ्याही बदला. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे, मधल्या लांब नळ्यांत हवा अडकते. गाडीचं नाक थोडं उंच करून, हीटर पूर्ण उघडून, रेडिएटरचा ब्लीड स्क्रू मोकळा ठेवून हळूहळू भरा. बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू बंद. तरी पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पातळी बघा, एखाददुसरा पेला कमी झालेलाच असतो.

पेट्रोल ९८ ऑक्टेन. इथेनॉल जास्त असलेलं पेट्रोल टाकीत महिनोन् महिने ठेवू नका. ते पाणी ओढतं आणि वितरकाचा प्लंजर गंजून अडकतो. हिवाळ्यात उभी करायची असेल तर टाकी पूर्ण भरून ठेवा. तेल पाच हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. जोरात चालवून आल्यावर बंद करण्यापूर्वी दोन मिनिटं मंद चालू ठेवा, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल तिथेच जळून कोळसा होतं. टायरवरची तारीख बघा, सहा वर्षांच्या पुढचे काढून टाका. त्या काळच्या काही चाकांचा व्यास ३९० मिमीचा असतो, इंचाचे टायर त्यांच्यावर बसत नाहीत.

इटलीत राहणाऱ्यांना कराची आणखी एक गंमत. २५४ पीएस म्हणजे १८७ किलोवॅट, आणि तिथला सुपरबोल्लो हा जादा कर १८५ किलोवॅटच्या वर दर किलोवॅटला २० युरो लागतो. २००० सीसीची रेघ चुकवलेली गाडी इथे दोन किलोवॅटने सापडली असती, पण वीस वर्षांनंतर हा कर लागत नाही आणि तीस वर्षांनंतर साधा रस्ता करही माफ होतो. जर्मनीत तीस वर्षांवरच्या मूळ अवस्थेतल्या गाडीला एच अक्षराची नंबरप्लेट मिळते, ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांनंतर रस्ता कर शून्य.

पुण्या-मुंबईत आणायचा विचार असेल तर सध्या थांबावं लागेल. वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर साधी आयात होत नाही. पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी व्हिंटेज म्हणून आणता येते. पहिली २०८ टर्बो १९८२ ची, म्हणजे २०३२. तेव्हा नंबरप्लेटवर एमएच पुढे व्हीए येईल, दहा वर्षांच्या नोंदणीला सध्याच्या नियमाने वीस हजार रुपये आणि रोजच्या वापराला मनाई. सीमाशुल्काचा हिशेब मात्र त्या वर्षीच्या दरानेच करा.